झिरो माइलचे घोडे छातीवर

आमच्या नागपूरच्या संगीत महोत्सवाच्या टी-शर्टचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा समितीला त्यावर सगळंच हवं होतं. तंबोरा, तबला, संत्र्याची फोड, फुटाळा तलावावरचा सूर्यास्त आणि वर प्रायोजकांचे लोगो. मी एकच आग्रह धरला: महोत्सव संपल्यावरही लोकांनी आवडीने घालावा असा टी-शर्ट करू. जाहिरातीचा फलक अंगावर घालून कोणी दुसऱ्यांदा बाहेर पडत नाही.

मग झिरो माइल सुचलं, नागपूरची ओळख असलेलं ते जुनं स्मारक. वालुकाश्माचा स्तंभ आणि चार घोडे. तंबोऱ्याच्या ताराही चार! स्तंभाच्या जागी तंबोरा उभा केला आणि त्याच्या चार तारा चार घोड्यांचे लगाम झाल्या. नागपूरकर पाहताक्षणी ओळखतो, आणि बाहेरून आलेल्याला ते नुसतं चित्र म्हणूनही भावतं. हे रेखाटन समितीपुढे ठेवलं आणि सूर्यास्ताचा विषय आपोआप मागे पडला.

कागदावरचं चित्र कापडावर उतरतंच असं नाही. गांधीबागेतले आमचे छपाईवाले काका डिझाइन पाहून म्हणाले, "मॅडम, जितके कलर तितक्या फ्रेम. दोनच ठेवा ना, मस्त दिसते." त्यांचं म्हणणं मला पटलं. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये शाई फ्रेमवर ताणलेल्या जाळीतून कापडावर उतरते आणि प्रत्येक रंगाची जाळी वेगळी बनवावी लागते. थोडेच नग असले की त्या फ्रेमचा खर्च प्रत्येक टी-शर्टवर चढतो. शिवाय रंग वाढले की एकावर एक बरोबर बसवणं अवघड होतं. म्हणून काळ्या कापडावर फक्त केशरी आणि पांढरा ठेवला.

काळ्या कापडावर रंग थेट मारला तर तो मळकट दिसतो, म्हणून आधी पांढरा बेस द्यावा लागतो. तो बेस केशरीपेक्षा केसभर आत घ्यायचा. नाहीतर छापताना कापड जरा सरकलं की कडेने पांढरी रेघ डोकावते. आमच्या चित्रात पांढरा होताच, त्यामुळे बेसची वेगळी फ्रेम लागली नाही. तंबोऱ्याच्या तारा मात्र मी मुद्दाम जाड केल्या. बारीक रेघ जाळीतून नीट उतरत नाही, मधेमधे तुटते.

देवनागरीकडे विशेष लक्ष द्यावं लागतं. कॉम्प्युटरवर अक्षरांचं कर्व्हजमध्ये, म्हणजे नुसत्या आकारांमध्ये, रूपांतर केलं की मात्रा आणि शिरोरेषा जिथे एकमेकांवर येतात तिथे कधीकधी पोकळी पडते. सगळे तुकडे वेल्ड करून, म्हणजे जोडून एकसंध करून घ्यायचे आणि मगच फिल्म (जिच्यावरून फ्रेम बनते ती) काढायला द्यायची. पाठीवर कलाकारांची नावं होती. ती प्रत्येकाकडून त्यांच्या स्वतःच्या लेखनपद्धतीप्रमाणे मागवून घेतली. त्यात तबलजी आणि संवादिनीवाल्यांची नावं गायकांइतक्याच मोठ्या अक्षरात असावीत यावर मी अडून बसले. लोगो एका रंगात, बाहीवर.

कापड १८० जीएसएम (चौरस मीटरला १८० ग्रॅम) सुती, बायोवॉश केलेलं, म्हणजे एन्झाइमने धुऊन गुळगुळीत केलेलं घेतलं. नमुन्याचा नग हातात आला तेव्हा काकांनी छपाई दोन्ही हातांनी ताणून दाखवली. प्लास्टिसॉल ही उष्णतेने पक्की होणारी शाई साधारण १६० अंश सेल्सिअसला नीट भाजली गेली नसेल तर ताणल्यावर भेगा पडतात. आमच्या घोड्यांना एकही भेग नव्हती. तरी मी तो नग घरी नेऊन मशीनमध्ये धुतला, उलटा वाळवला, पुन्हा धुतला आणि मगच बाकीच्या मालाला होकार दिला.

पहिल्या संध्याकाळी एल आणि एक्सएल संपले. संवादिनीवाल्या दादांनी त्यांच्या नातवासाठी मागितला, पण लहान मुलांची मापं आम्ही काढलीच नव्हती. चित्राच्या दोन्ही फ्रेम काकांनी अजून धुतलेल्या नाहीत, म्हणजे मोठी मापं पुन्हा छापता येतील. पण छोट्या मापांवर हे चित्र मोठं पडेल, म्हणून मुलांसाठी एक घोडा आणि एक तार एवढंच वेगळं काढायला घेतलं आहे.