जास्त आलेले पैसे परत घ्यायला आमच्याकडे ऑप्शनच नव्हता

मी एका कंपनीच्या रिफंड टीममध्ये काम करते. एरवी काम रुटीन, कॅन्सल झालेल्या ऑर्डर्सची फाइल बँकेला जाते आणि दुसऱ्या दिवशी आम्ही ताळा जुळवतो. त्या दिवशी मात्र ताळा काही केल्या जुळेना. फरक नेमका एका अख्ख्या बॅचएवढा येत होता, म्हणजे काय झालं असणार ते लगेच लक्षात आलं. बँकेकडून पोच यायला उशीर झाला, सिस्टिमने फाइल गेलीच नाही असं धरून तीच परत पाठवली आणि दुसऱ्यांदा आलेली फाइल बँकेनेही नवीन म्हणून घेतली. यादीतल्या प्रत्येकाला डबल रिफंड.

पण मला त्या दिवसातलं सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. कुणाची तक्रार आलीय का म्हणून तिकिटं चाळत होते तर एक आदल्या संध्याकाळचं बंद केलेलं तिकीट सापडलं. कॅटेगरी होती ‘रिफंड मिळाला नाही’, आणि खाली त्या गृहस्थांनी लिहिलं होतं की पैसे दोनदा आलेत, एकदाचे परत घ्या. आमच्या माणसाने खाली शेरा मारला, ‘रिफंड जमा आहे’, आणि तिकीट क्लोज. त्यांनी ते परत उघडलं, परत तेच उत्तर. मी फॉर्म उघडून बघितला तर ड्रॉपडाऊनमध्ये ‘मिळाला नाही’, ‘कमी मिळाला’, ‘उशिरा मिळाला’ एवढंच होतं, जास्त मिळालाय हे सांगायला जागाच नाही. म्हणजे माणूस स्वतःहून दारात पैसे घेऊन उभा आणि आम्ही त्याला दोनदा परत पाठवलं. त्यांचं नीट वाचलं असतं तर लोकांनी पैसे वापरायच्या आधीच बँकेशी बोलता आलं असतं.

दुपारपासून फोन सुरू केले. बरेच जण ‘हो हो, करतो परत’ म्हणाले. एक जण मात्र भडकलेच, “चूक तुमची, मी का निस्तरू? माझे पैसे तुमच्याकडे अडकतात तेव्हा तुम्ही एवढ्या तत्परतेने फोन करता का?” आता यातलं दुसरं वाक्य शंभर टक्के खरं आहे, ते मी त्यांना तसं सांगितलंही. पण त्यामुळे ते पैसे त्यांचे होत नाहीत ना! त्यांना आदल्या दिवशीच कळलं होतं, ते त्यांनीच सांगितलं, आणि कळल्यावर लगेच सगळी रक्कम दुसऱ्या खात्यात वळवली होती. याउलट एका बाईंचे आमच्याकडे आधीचे दोन रिफंड खरोखरच रखडलेले होते, त्यांना वाटलं त्यातलाच एक आला, आणि त्यांनी तो दवाखान्याचं बिल भरायला वापरून टाकला. मी सांगितल्यावर त्या गप्पच झाल्या, मग म्हणाल्या, “अहो, मला खरंच माहीत नव्हतं, आता एकदम कुठून देऊ?” या दोघांना एकाच मापाने मोजणं मला अजिबात पटत नाही. पैसे कुणाच्या चुकीने आले यापेक्षा ते आपले नाहीत हे कधी कळलं आणि कळल्यावर आपण काय केलं, ते बघायला हवं.

संध्याकाळच्या मीटिंगमध्ये एकाने सिटीबँकेची केस काढली. ऑगस्ट २०२० मध्ये त्यांना रेव्हलॉन या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीच्या वतीने तिच्या कर्जदात्यांना कर्जाचं फक्त व्याज पाठवायचं होतं, साधारण ७८ लाख डॉलर, आणि गेले जवळजवळ ९० कोटी. त्यातले ५० कोटींच्या आसपास काही कर्जदात्यांनी परतच केले नाहीत आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टाने ठेवून घ्या म्हणून निकाल दिला. “बघा, कायदाही घेणाऱ्याच्या बाजूने!” पण पुढचं तो विसरला, सप्टेंबर २०२२ मध्ये अपिलात तो निकाल फिरला. कर्जाची मुदत अजून संपलेली नव्हती, आणि एवढी मोठी रक्कम अचानक आल्यावर शंका येऊन चौकशी करायला हवी होती, असं अपील कोर्टाने म्हटलं. मला हे दुसरं फार महत्त्वाचं वाटतं. मी कानाडोळा केला म्हणून मला माहीत नव्हतं, असं म्हणता येत नाही.

मी ॲमस्टरडॅमचं सांगितलं. २०१३ मध्ये तिथल्या पालिकेने घरभाड्याच्या मदतीपोटी १८.८ लाख युरोंऐवजी १८.८ कोटी वाटले, सॉफ्टवेअरने सेंटचे युरो केले म्हणून. सुमारे १०,००० कुटुंबं, तीही कमी उत्पन्नाची, आणि तरी बहुतेक सगळे पैसे परत आले. गरजू माणूस हाताला लागलं ते ठेवून घेतो असं आपण परस्पर ठरवून टाकतो, ते बरोबर नाही.

साहेबांचं म्हणणं होतं की न सांगता पुढच्या रिफंडमधून कापून घेऊ. मी कडाडून विरोध केला. आपली चूक झाली तर आधी लेखी कळवायचं, माफी मागायची आणि परत करायला वेळ द्यायचा, गुपचूप कापणं म्हणजे दुसऱ्याच्या पैशाला परस्पर हात लावणं, आणि आपण लोकांना नको म्हणतोय ते हेच तर आहे. बऱ्याच वादावादीनंतर ठरलं की सगळ्यांना पत्र जाईल, खर्च झालेल्यांना बिनव्याजी हप्ते मिळतील, किरकोळ रकमा सोडून दिल्या जातील, आणि माहीत असून पैसे हलवणाऱ्यांना आधी पत्र, मग नोटीस. त्या बाईंचे रखडलेले दोन्ही रिफंड आधी द्यायचे आणि मगच त्यांच्या हप्त्यांचं बोलायचं, हे मी मिनिट्समध्ये लिहूनच घेतलं. फॉर्ममध्ये ‘जास्त रक्कम मिळाली’ हा ऑप्शनही त्याच आठवड्यात टाकायला लावला, आणि त्या गृहस्थांना माफी मागायला फोन मी स्वतः केला.