सांगोल्याने एकाच माणसाला अकरा वेळा का निवडून दिलं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याचा आहे म्हटलं की दोनपैकी एक प्रश्न येतोच. तरुण मंडळी विचारतात "काय झाडी, काय डोंगार वाले ना?" आणि जरा वय झालेली माणसं विचारतात की एकाच माणसाला, गणपतराव देशमुखांना, अकरा वेळा आमदार कसं केलंत, तुमच्याकडे दुसरं कोणी उभंच राहत नव्हतं का?

उभं राहत होतं की. चांगलं जोरात उभं राहत होतं. बाहेरच्यांना वाटतं तसा हा एकतर्फी मतदारसंघ मला तरी कधीच वाटला नाही, आणि आकडेच काढून बघा ना.

गणपतराव देशमुख, आमच्याकडे आबा, शेतकरी कामगार पक्षाकडून (शेकाप) पहिल्यांदा आले १९६२ ला. ६७ ला परत आले. १९७२ ला पडले, तेव्हा राज्यभर काँग्रेसची लाट होती. मग निवडून आलेल्या काँग्रेसच्या आमदारांचं निधन झालं आणि १९७४ ला पोटनिवडणूक लागली, बहात्तरचा दुष्काळ नुकताच भोगून झालेला, त्यात आबा परत आले. तिथून ७८, ८०, ८५, ९० अशी सलग रांग. आणि ९५ ला पडले ते १९२ मतांनी! काँग्रेसचे शहाजीबापू पाटील निवडून आले. गंमत बघा, राज्यात त्या वर्षी युतीचं सरकार आलं आणि सांगोल्याने शेकापला पाडून काँग्रेसला निवडलं, म्हणजे राज्यातलं वारं आणि आमचं वारं यांचा फारसा संबंध नाही. १९९९ पासून २०१४ पर्यंत परत आबा. मोजून अकरा.

आता कारण. धनगर समाजाची मोठी संख्या आहे तालुक्यात आणि आबा त्या समाजाचे, हे सगळ्यांना माहितीय, न सांगण्यात अर्थ नाही. पण नुसतं तेवढ्यावर भागत असतं तर ७२ आणि ९५ झालंच नसतं. एसटीने फिरणारा आमदार वगैरे पण खरं आहे, पण साधेपणावर कोणी पन्नास वर्षं मतं देत नाही हो. माझ्या मते खरं उत्तर नकाशात आहे, आणि नकाशा म्हणजे पाण्याचा नकाशा.

सांगोला पर्जन्यछायेत येतो. ढग सह्याद्रीवर रिकामे होतात आणि आमच्याकडे नुसती सावली देऊन पुढे जातात. माण नदी साताऱ्याच्या माण तालुक्यातून निघून आटपाडी करून आमच्याकडे येते आणि पुढे मंगळवेढ्यावरून सरकोलीजवळ भीमेला मिळते, पण वर्षातला बराच काळ ती नदी आहे हे पुलावरूनच कळतं. म्हणजे पाणी आणायचं तर बाहेरूनच. उत्तरेला महूदच्या बाजूला नीरेचा कालवा, पश्चिमेकडून टेंभू योजना, म्हणजे थेट कराडजवळ कृष्णेतून उचललेलं पाणी, आणि दक्षिणेला म्हैसाळ योजना, ते पाणी मिरजेकडून. तिन्हीकडे आम्ही टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाला! वरच्या तालुक्यांचं भागलं की मग आमचा नंबर. आवर्तन, म्हणजे कालव्याला पाण्याची पाळी, सुटलं की फोनाफोनी चालू होते, पाणी कुठवर आलं, वरच्यांनी फाटा फोडला का, दार किती उचललंय, पाटकरी (पाणी सोडणारा कर्मचारी) फोन का उचलत नाही. डाळिंबवाल्याचा तर जीवच टांगणीला असतो, बहार धरलेला असतो आणि पाणी आठ दिवस पुढे गेलं की सगळं गणित बिघडतं, वर तेल्या रोगाचं आणि खोडातल्या किडीचं टेन्शन वेगळंच. याच डाळिंबाच्या जिवावर डिसेंबर २०२० मध्ये देशातली शंभरावी किसान रेल सांगोल्याहून पार बंगालमधल्या शालीमारला गेली, आणि ती बाग उभी आहे दुसऱ्याच्या नदीच्या पाण्यावर.

अशा ठिकाणी आमदाराचं काम काय? सभागृहात उभं राहून टेलचं पाणी मागत राहणं. आबांनी तेच केलं, आटपाडीच्या दुष्काळी तेरा तालुक्यांच्या पाणी परिषदेत नागनाथअण्णा नायकवडींच्या बरोबर तेच मागत होते. ७८ ला शरद पवारांच्या पुलोद सरकारात आणि ९९ ला विलासरावांच्या सरकारात मंत्री होते, बाकी बहुतेक काळ विरोधी बाकावर. पाणी हळूहळू आलं, फार हळू, आणि पुरं आलंच नाही म्हणणारे पण निम्म्याला निम्मे होते. ती १९२ मतं तिथूनच आली असं मी मानतो.

२०१९ ला आबा उभे राहिले नाहीत, नातू अनिकेत उभे राहिले आणि शहाजीबापू, आता शिवसेनेकडून, ७६८ मतांनी आले. परत निम्मे निम्मे. जुलै २०२१ मध्ये आबा गेले. २०२२ ला शिंदेंच्या बंडात गुवाहाटीला गेलेल्या बापूंचा तो "काय झाडी, काय डोंगार" वाला फोन व्हायरल झाला. लोक हसले, पण चिकमहूदच्या माणसाला हिरवी झाडी बघून भरून येणारच ना, यात हसण्यासारखं काय ते मला अजून कळलं नाही. २०२४ ला दुसरे नातू बाबासाहेब, शेकापकडूनच, बापूंना पंचवीसेक हजारांनी हरवून आले, मात्र त्या वेळी दीपकआबा साळुंखे उद्धव ठाकरेंच्या सेनेकडून स्वतः उभे होते आणि त्यांनी मतं चांगलीच घेतली, त्यामुळे ते मताधिक्य बघून लगेच "शेकापचा गड परत" वगैरे म्हणू नका.

आणि अजून एक, मतदारसंघ म्हणजे तालुका नव्हे. २००८ च्या फेररचनेत पंढरपूर तालुका चार विधानसभांत वाटला गेला आणि भाळवणीकडची गावं आमच्यात आली. तिथल्या माणसाला सातबाऱ्यासाठी पंढरपूर, आमदारासाठी सांगोला, आणि खासदार माढ्याचा, ज्या लोकसभेत साताऱ्याचे फलटण आणि माण पण आहेत! म्हणजे माण नदी जिथून निघते तो तालुका आणि आम्ही एकाच खासदाराचे मतदार. पाण्यासाठी भांडायचं झालं तर दोघांनी एकाच दारात जायचं, आणि तिथेही वरचा तालुका आधी पोचतो.