मुरबाडचे धोंडे, मे महिना आणि डोक्यावरचं हेल्मेट

मे महिन्यात मोटरसायकल ट्रायल्सचा सराव करायला कोण जातं, हे घरच्यांनी विचारून झालं, वॉचमनने विचारून झालं, पेट्रोल पंपावरच्या पोरानेही विचारलं. उत्तर सोपं आहे. मुरबाडच्या अलीकडे ज्या काकांच्या शेतातून ओढा जातो, त्यांच्याकडे भात निघालं की वाल आणि हरभरा असतो. तो निघेपर्यंत बांधावर गाडी आणायची नाही, ही त्यांची अट. पावसाळ्यात ओढा भरून वाहतो आणि दगडांवर शेवाळ धरतं. त्यामुळे आमच्या वाट्याला येतात ते एप्रिल-मे, म्हणजे नेमके घामाचे महिने.

ज्यांना ट्रायल्स म्हणजे काय ते माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: यात वेग नसतो, तोल असतो. दगड, उतार, खाचा यांतून आखलेल्या छोट्या टप्प्यातून (त्याला सेक्शन म्हणतात) पाय न टेकता गाडी काढायची. एकदा पाय टेकला तर १ गुण दंड, दोनदा टेकला तर २, तीन किंवा जास्त वेळा टेकला तर ३, आणि सेक्शन फसलंच तर ५. कमी गुण तो जिंकला. स्पेनचा टोनी बोऊ २००७ पासून वर्षानुवर्षे या खेळाचा जगज्जेता आहे. त्याचे व्हिडिओ बघून आमच्यातल्या निम्म्यांना हे वेड लागलं. त्याच्याकडे सीट नसलेली, पिसासारखी हलकी गाडी असते. आमच्याकडे हिरोची साधी एक्सपल्स आणि एक म्हातारी इम्पल्स.

पहाटे साडेपाचला ठाण्यातल्या माजिवड्याहून निघालो. रांजनोली नाका, कोन, दुर्गाडीचा पूल, कल्याणातून शहाड, मग म्हारळ, रायते, गोवेली. पन्नासेक किलोमीटरचा रस्ता आहे, पण सात वाजले की रांजनोलीला कंटेनरमागे अडकून पडाल. उन्हाचा पहिला मार तिथेच बसतो, म्हणून निघायला उशीर करू नका. येऊर जवळ असताना इतक्या लांब कशाला, असंही विचारतात. येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं. तिथे दगडावर गाडी चढवायचा विचारही करू नका. सराव खाजगी जागेत, मालकाला विचारून.

एक गोष्ट रस्त्यापुरती. ट्रायल्सची खास हेल्मेट उघड्या तोंडाची, किलोच्या आत-बाहेर वजनाची, भोकाभोकांची असतात. मोहात पडून कुणी बाहेरून मागवलं तरी त्यावर बऱ्याचदा आयएसआय मार्क नसतो, आणि रस्त्यावर तो लागतो. आम्ही महामार्गावर नेहमीचं, हनुवटीसकट तोंड झाकणारं फुल-फेस घालतो आणि मैदानातलं हेल्मेट पाठीमागे बांधून नेतो. कटकट आहे, पण चालते.

साडेसहाला शेतात पोचलो तेव्हा शेजारच्या तुकड्यात राब भाजायचं (भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा जाळून जमीन भाजायचं) काम चाललं होतं, धूर खाली बसला होता. काकांनी धोंड्यांकडे, मग आमच्याकडे बघितलं. "अरे, बाजूनं रस्ता आहे की चांगला. दगडावरनं कशाला?" दर वर्षी विचारतात.

आता हेल्मेटचं. दुकानात तुम्हाला व्हेंट दाखवतात: पुढून हवा आत, मागून बाहेर. ते खरंच असतं, पण गाडी पळत असेल तर. व्हेंटमधून हवा ढकलायला वारा लागतो, आणि ट्रायल्समध्ये गाडी माणसाच्या चालीने जाते, मध्ये मध्ये तर जागच्या जागी उभी असते. वर तुम्ही सतत उभे, गुडघे वाकलेले, हातापायांना पूर्ण जोर. शरीर भट्टीसारखं तापतं आणि वारा शून्य. त्यात एक्सपल्सचं इंजिनही चालत्या वाऱ्यावरच थंड व्हायचं, त्याचीही धग पोटऱ्यांवर येते. त्यामुळे दोन हजारांचं हेल्मेट आणि पंधरा हजारांचं हेल्मेट यांच्यातला व्हेंटचा फरक ओढ्यात जवळजवळ कळत नाही. कळतो तो वजनाचा आणि तोंडासमोरच्या जागेचा.

तोंडासमोरची जागा महत्त्वाची. फुल-फेसमध्ये हनुवटीची पट्टी ओठांच्या अगदी जवळ असते, धापा टाकताना आपलीच गरम हवा आपल्याला परत मिळते. व्हायझर वर केला तरी फार फरक पडत नाही. मोटोक्रॉस (मातीतल्या शर्यती) पद्धतीच्या हेल्मेटमध्ये ती पट्टी बरीच पुढे असते. श्वास मोकळा जातो, वरच्या चोचीची थोडी सावलीही मिळते. उघड्या तोंडाचं हेल्मेट सगळ्यात गार, यात वाद नाही. पण नवशिक्याचं तोंड हँडलबारवर आपटायला वेग लागत नाही. माझं मत स्पष्ट आहे: पहिली दोन-तीन वर्षं मोटोक्रॉसचं घाला, गॉगल काढून ठेवा. साध्या चष्म्यावर वाफ धरते ती तेवढी सहन करा. आणि हवा खेळावी म्हणून एक माप मोठं हेल्मेट अजिबात घेऊ नका. ते डोळ्यांवर उतरतं आणि पडल्यावर कामाचं राहत नाही. भोकं पाडणारे महाभागही पाहिलेत. त्यांना हात जोडावेत.

मग गार राहायचं कसं? हेल्मेट काढून. ट्रायल्समध्ये प्रत्येक सेक्शन आधी पायी फिरून बघायचं असतं: कुठला दगड हलतो, मागचं चाक कुठे घसरेल. हे सगळं बोडक्या डोक्याने, करंजाच्या सावलीतून करायचं. हेल्मेट चढवायचं ते इंजिन सुरू करायच्या क्षणी, आणि सेक्शन संपलं की इंजिन बंद, हेल्मेट खाली. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण पोरं अर्धा तास गप्पा मारत हेल्मेट डोक्यावर ठेवून उभी असतात आणि मग गरगरतंय म्हणतात. काढलेलं हेल्मेट टाकीवर ठेवायचं नाही, आरशाला अडकवायचं नाही. काळं असेल तर उन्हात पाच मिनिटांत आतून तापतं, आणि पेट्रोलची वाफ आतल्या थर्माकोलला चांगली नाही. सावलीत, पालथं.

आत काय घालायचं यावर आमच्यात भांडणं आहेत. सुती टोपी घाम पिते आणि भिजल्यावर ओल्या फडक्यासारखी कपाळावर बसते. पॉलिस्टरची पातळ जाळीदार टोपी लवकर सुकते. दोन-तीन जवळ ठेवा आणि बदलत राहा. सकाळी नऊच्या सुमारास मी कपाळाकडचं पॅड अंगठ्याने दाबलं तर घामाची धार निघाली, भुवईवरून थेट डोळ्यात. डोळा मिटला तेव्हा पुढचं चाक एका गोल धोंड्यावर होतं. ३ गुण. तेव्हापासून कपाळावर हेल्मेटच्या आत जुन्या टी-शर्टची दुमडलेली पट्टी असते. हेल्मेटच्या बाहेर डोकावणारं टोक कापायचं, नाहीतर घाम तिथूनच गळतो.

आणि पाणी. काकांच्या ओट्यावर मडक्याला ओलं फडकं गुंडाळलेलं असतं. तेच मानेला करा: पंचा भिजवून, हलका पिळून, कॉलरच्या आत. इथे ठाणे आणि मुरबाड यांत फरक आहे. ठाण्यात खाडीची दमट हवा, घाम सुकतच नाही, ओला पंचा नुसता कोमट होतो. मुरबाडला दहानंतर हवा कोरडी होते, पंचा भराभर सुकतो आणि मान खरंच गार पडते. मात्र पाराही ठाण्यापेक्षा वर असतो, म्हणजे एका हाताने मिळतं ते दुसऱ्या हाताने जातं. हेल्मेट चढवायच्या आधी डोक्यावर तांब्याभर पाणी ओतणं हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात चांगला उपाय. केस बारीक असतील तर अजून बरं.

पिण्याचं पाणी माणशी चार लिटर तरी न्या. तहान लागायची वाट न बघता प्रत्येक सेक्शननंतर चार-पाच घोट. नुसतं पाणी ढोसूनही चालत नाही, मीठ गेलेलं असतं. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटरमध्येच घालायचं, अर्ध्या बाटलीत नाही. काकूंनी खारं ताक दिलं, ते ओआरएसपेक्षा नक्कीच चवदार होतं.

साडेदहाला थांबायचं म्हणजे थांबायचं. हवामान खात्याच्या हिशेबात सपाट प्रदेशात ४० अंशांच्या पुढे आणि किनारपट्टीवर ३७ च्या पुढे, सरासरीपेक्षा साडेचार अंश जास्त असेल तर उष्णतेची लाट धरतात. तसा इशारा असेल त्या दिवशी जाऊच नका. एप्रिल २०२३ मध्ये खारघरला भर उन्हात नुसते बसलेले लोक दगावले, आपण तर अंगमेहनत करतो. डोकं ठणकणं, मळमळ, उन्हात अंगावर काटा येणं ही खूण दिसली की सराव बंद: सावली, कपडे सैल, अंगावर पाणी, वारा. कुणी असंबद्ध बोलायला लागला तर १०८ लावा आणि तोवर पाणी मारत राहा. अशा वेळी तोंडात पाणी ओतू नका.

आम्ही चारपर्यंत आंब्याखाली पडून राहिलो. भर दुपारी परतणं शहाणपणाचं नाही, कारण चाळीस अंशांचा वारा अंगाला गार करत नाही, भाजतो. निघताना टी-शर्ट पाण्यात बुचकळून, वर जाळीचं जॅकेट. गोवेलीपर्यंत कोरडा होतो. पुढे एखाद्या पंपावर परत भिजवा. मुरबाडला वडापाव खायचा असेल तर जाताना खा, येताना भूक मेलेली असते.

घरी आल्यावर आतलं अस्तर त्याच दिवशी काढा. शॅम्पूच्या पाण्यात दाबून धुवा, पिळू नका, पंख्याखाली सुकवा. तसंच बॅगेत राहिलं तर पुढच्या वेळी कपाळावर घामोळ्या ठरलेल्या. काकांकडे जाणाऱ्यांनी आदल्या दिवशी फोन करावा. जोरात घुमणारा सायलेन्सर असेल तर येऊच नका, त्यांच्या शेळ्या बुजतात आणि मग आमचंही येणं बंद होईल.