तुर्कानाच्या काठचा मासा

नैरोबीत आम्हाला आता तीन वर्षं होतील. घरी मदतीला येणाऱ्या मामांनी परवा ओमेना आणले. मामा म्हणजे बाईच बरं का, इथे आईच्या वयाच्या बाईला मामा म्हणतात. ओमेना हे व्हिक्टोरिया सरोवरातले करंगळीएवढे चंदेरी मासे, उन्हात वाळवलेले. त्यांनी ते गरम पाण्यात धुतले, तेलात कुरकुरीत परतले, मग कांदा-टोमॅटोत घातले. घरभर वास सुटला तो थेट आमच्या मालवणच्या चुलीवरच्या सुक्या जवळ्याचा! सोबतीला उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड.

जेवता जेवता भाचीचा फोन आला. तिची वक्तृत्व स्पर्धा होती. "मामी, माणूस मुळात शाकाहारी की मांसाहारी?"

या प्रश्नाचे पुरावे मी राहते त्या देशात आहेत. केनियाच्या उत्तरेला तुर्काना सरोवर आहे. त्याच्या पूर्वेला कूबी फोरा भागात सुमारे १९.५ लाख वर्षांपूर्वीची एक जागा सापडली. तिथे दगडी हत्यारांसोबत मासे, कासव, मगर यांची हाडं होती, आणि काही हाडांवर कापल्याच्या खुणा. आदिमानव म्हटलं की आपल्याला भाला घेतलेला शिकारी दिसतो. मला मात्र चिखलात वाकून मागूर धरणारी बाई दिसते, ओहोटीला तिसऱ्या काढायला जाणाऱ्या माझ्या आजीसारखी. माशात डीएचए नावाचं मेदाम्ल असतं, मेंदूच्या घडणीला लागणारं. मेंदू वजनाने शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण बसल्या जागी लागणाऱ्या ऊर्जेतला २० टक्के वाटा त्याचा. मेंदू वाढायचा तर ऊर्जा वाचवायला आतडं आखूड हवं आणि अन्न सकस हवं, असं लेस्ली आयेलो आणि पीटर व्हीलर या संशोधकांनी १९९५ साली मांडलं.

तरी भाचीला बजावलं, मांसानेच माणूस घडला असं ठोकून देऊ नकोस. कंद होते, मध होता, पुढे विस्तव आला. २०२२ साली पूर्व आफ्रिकेतल्या अशा स्थळांवरच्या पुराव्यांची एकत्र मोजदाद झाली, तेव्हा होमो इरेक्टस ही आदिमानवाची जात आल्यानंतर मांसाहार सतत वाढत गेल्याचं काही दिसलं नाही.

मग तिला १८०८ क्रमांकाच्या सांगाड्याची गोष्ट सांगितली. कूबी फोरातलीच होमो इरेक्टस बाई, सुमारे १७ लाख वर्षांपूर्वीची. केनियाचे जीवाश्म-शोधक कामोया किमेउ यांना ती १९७३ साली सापडली. तिच्या हाडांवर रोगट थर चढलेला आहे. हिंस्र प्राण्याची कलेजी, म्हणजे यकृत, खाल्ल्याने जीवनसत्त्व 'अ' अंगात फार झालं असावं, असा एक अंदाज. असा थर चढायला आठवडे लागतात. एवढे दिवस तिला धड हलताही आलं नसणार. म्हणजे कोणीतरी तिला पाणी देत होतं, खायला आणत होतं, रात्री राखत होतं.

भाची जरा वेळ गप्प झाली. "काय आणून देत असतील गं तिला?"

"सरोवर जवळच होतं," मी म्हटलं. "मासा असेल."