स्टेपनी नवी दिसत होती: सत्तरी तालुक्यातला फाटलेला टायर आणि त्यावरचे चार आकडे

गोव्याच्या सत्तरी तालुक्यात वाळपईच्या आतल्या अंगाला माझ्या आतेभावाची, म्हणजे दादाची, काजूची बागायत आहे. एप्रिल सरत आला की बोंडूंच्या वासाने भरलेल्या त्या टेकडीवर दोन दिवस जायचं, हे आमचं दरवर्षीचं ठरलेलं. यंदा दोनाचे तीन दिवस झाले, ते टायरपायी. त्या बाजूला गाडी घेऊन जाणाऱ्यांना उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहितोय.

गाडी २०१६ ची महिंद्रा थार, सीआरडीई (डिझेल इंजिनची), फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देता येणारी. शनिवारी पहाटे साडेचारला कोल्हापूर सोडलं. निपाणी, बेळगाव, तिथून जांबोटी-कणकुंबी करत चोर्ला घाट. घाटातून अंजुणे धरणाचं पाणी दिसलं की आपण गोव्यात आलो, आणि खाली उतरलं की केरी. चोर्ल्याच्या रस्त्याची कळा दरवर्षी वेगळी असते, त्यामुळे आदल्या आठवड्यात जाऊन आलेल्या कुणाला तरी विचारूनच निघा. जांबोटीला पोटभर खाऊन घ्या, पुढे घाटात फारसं काही मिळत नाही.

बागायतीकडे जाणारा शेवटचा दीड किलोमीटर कच्चा आणि चढाचा. वाट खासगी आहे, दादाच्याच मालकीची. तिच्या एका वळणावर जुनी चिऱ्यांची खाण आहे. चिरे कापून नेल्यावर उरलेले तुकडे कडेला पडलेत, थोडे वाटेतही आलेत. पावसाने झिजलेल्या जांभ्याच्या कडा बोथट होतात, पण कापलेला चिरा हवा लागून आणखी कडक होतो आणि त्याचा कोपरा तसाच तीक्ष्ण राहतो.

इथे चूक माझी झाली. चढ चढायच्या आधी मी चारही टायरची हवा ३० वरून १८ पीएसआयपर्यंत उतरवली. वाळूत आणि चिखलात हे बरोबरच आहे. टायर पसरतो, जमिनीला जास्त धरतो. पण पसरतो म्हणजे त्याची साइडवॉल (बाजूची भिंत) रिमच्या बाहेर फुगते, आणि साइडवॉलमध्ये ट्रेडखाली, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीच्या रबराखाली, असतात तसे पोलादी पट्टे नसतात. अणकुचीदार दगडांच्या वाटेवर हवा इतकी उतरवायला नको होती. २५-२६ ठेवून सावकाश चढलो असतो तर टायर वाचला असता असं मला आज वाटतं. वळणावर मागचा डावा टायर चिऱ्याच्या कोपऱ्याला घासला आणि चार बोटं लांबीची चीर पडली. सगळी हवा दोन सेकंदांत गेली.

चढावर चाक बदलणं हे सपाट रस्त्यासारखं नाही. मागचं एक चाक उचललं की गिअरवर भरवसा ठेवू नका. डिफरन्शियलमुळे (एकाच अॅक्सलवरची दोन चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरच्या जोडणीमुळे) हवेतलं चाक मोकळं फिरू शकतं आणि गाडी उताराला लागते. आम्ही फोर-लो (फोर बाय फोरचा कमी वेगाचा गिअर) टाकलं, हँडब्रेक ओढला आणि तिन्ही चाकांमागे उताराच्या बाजूने मोठे दगड घट्ट लावले. नट गाडी उचलण्याआधीच अर्धा-अर्धा फेरा सैल केले. मातीत जॅक रुतत होता, तेव्हा दादाने घरून फणसाच्या लाकडाची फळी आणली. त्या दिवसापासून फूटभर लांबीची जाड फळी माझ्या गाडीत कायमची आहे. स्टेपनी मागच्या दारावर ज्या नटांनी धरलेली असते ते गंजून बसले होते. कोकण-गोव्याच्या हवेत जाणार असाल तर हे नट निघण्याआधी एकदा सोडवून ग्रीस लावून पुन्हा आवळा. नऊ वर्षांत मी ते कधी केलं नव्हतं.

स्टेपनी उतरवली तेव्हा जीव भांड्यात पडला. टायर कोरा करकरीत, ट्रेडवरचे रबरी केससुद्धा शाबूत. हवा मात्र १४ पीएसआय. कॉम्प्रेसर सोबत होता म्हणून निभावलं.

दादाचे शेजारी उसगावच्या एमआरएफच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. आम्ही चाक आवळत असताना ते काका येऊन उभे राहिले. टायरच्या बाजूला हात फिरवत म्हणाले, "हा कितीचा?"

मी म्हटलं, "काका, कधी वापरलेलाच नाही. नवा आहे."

"वापरला नाही ते दिसतंच आहे. मी विचारतो, कितीचा?"

त्यांनी फडक्याने साइडवॉल पुसली आणि डीओटी या अक्षरांनी सुरू होणारी ओळ दाखवली. ओळीच्या शेवटी लंबगोल खाचेत चार आकडे होते: २३१६. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. म्हणजे २०१६ सालचा तेविसावा आठवडा, जून महिना. माझा "नवा" टायर नऊ वर्षांचा व्हायला आला होता. रस्त्यावरचे चार टायर मी २०२१ मध्ये बदलले होते, स्टेपनीला हात लावला नव्हता. अख्ख्या गाडीतला सर्वांत म्हातारा टायर तोच.

मग काकांनी हवा भरलेल्या त्या टायरवर अंगठा दाबून बाजूच्या बारीक बारीक भेगा दाखवल्या. केसाएवढ्या होत्या, पण रिमभोवती गोल पसरलेल्या. त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत लिहितो. रबरात मेण आणि ऑक्सिजन-ओझोनपासून जपणारी रसायनं मिसळलेली असतात. टायर फिरत राहिला, दबत-सुटत राहिला, की ती हळूहळू पृष्ठभागावर येतात आणि थर धरतात. टांगून ठेवलेल्या टायरमध्ये ती तशी वर येत नाहीत. उलट ऊन आणि ओझोन बाहेरून काम करत राहतात, आणि आतल्या दाबाखालच्या हवेतला ऑक्सिजनही रबरात शिरत राहतो. उष्णता या सगळ्याला वेग देते. रबर कडक होतं, पोलादी पट्टे आणि रबर यांची पकड सुटत जाते. ही सुटलेली पकड बाहेरून दिसत नाही. भरल्या गाडीत, तापल्या डांबरावर, वेगात असताना ट्रेड सोलून निघाला की मग कळतं.

किती वर्षं चालवावा? अनेक गाडी-कंपन्या सहा वर्षांनंतर टायर बदलायला सांगतात, ट्रेड कितीही उरला असला तरी. मिशलिनसारखी टायर-कंपनी पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्या आणि दहा वर्षं ही कमाल मर्यादा धरा म्हणते. स्टेपनीलाही हेच लागू. माझं मत विचाराल तर आपल्या उन्हात आणि घाटांत मी सहालाच थांबेन, आणि बायको-मुलं गाडीत असतील तर त्यावर वादच नाही.

संध्याकाळी फाटलेला टायर घेऊन वाळपईला गेलो. पहिल्या पंक्चरवाल्याने बघताक्षणी मान हलवली. दुसरा म्हणाला, "पात्रांव, आतून गेटर लावतो, ट्यूब घालतो, कोल्हापूरपर्यंत जाल." गेटर म्हणजे चिरेवर आतून लावायचं जाड ठिगळ. त्याचा हेतू चांगला होता, पण मी नाही म्हटलं, तुम्हीही म्हणा. ट्रेडच्या मधल्या भागात खिळा गेला आणि भोक सहा मिलिमीटरच्या आत असलं तर आतून मशरूम पॅच (भोकात दांडा बसणारं छत्रीच्या आकाराचं ठिगळ) लावून टायर नीट दुरुस्त होतो. साइडवॉल प्रत्येक फेऱ्याला वाकते. रेडियल टायरमध्ये भार पेलणारे धागे तिथूनच रिमपर्यंत जातात, आणि तुटलेले धागे कुठलाही गेटर जोडत नाही.

माझ्या मापाचा, २३५/७० आर १६, ऑल-टेरेन टायर वाळपईत नव्हता. दुसऱ्या दिवशी रविवार, टायरची दुकानं बंद. गोव्यात हे ध्यानात ठेवून बेत आखा. इतर दिवशीही दुपारी एकपासून तीन-साडेतीनपर्यंत बरीच दुकानं बंद असतात, त्यामुळे जायचं तर सकाळी जावं. फोंडा, म्हापसा किंवा मडगाव गाठल्याशिवाय असल्या मापाची आशा धरू नका, आणि निघण्याआधी फोन करून माप सांगा.

सोमवारी उसगावमार्गे फोंड्याला गेलो, त्या म्हाताऱ्या स्टेपनीवर, ५० च्या वर न जाता. फोर बाय फोर त्या वाटेवर अजिबात लावलं नाही. त्याचं कारण असं: स्टेपनीचा ट्रेड पूर्ण, बाकी तिन्ही टायरचा साधारण ४ मिलिमीटर झिजलेला. म्हणजे व्यासात ८ मिलिमीटरचा फरक, किलोमीटरमागे जवळपास पाच फेऱ्यांचा. टू-व्हीलमध्ये मागचं डिफरन्शियल तो सोसतं, थोड्या अंतरासाठी हरकत नाही. पण थारला सेंटर डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या आणि मागच्या अॅक्सलमधला फरक सोसणारं, नाही. फोर-हाय (नेहमीच्या वेगाचं फोर बाय फोर) टाकून डांबरावर धावलं की पुढचा-मागचा फरक ट्रान्सफर केसमध्ये, म्हणजे दोन्ही अॅक्सलना ताकद वाटणाऱ्या पेटीत, कोंडतो. सैल मातीत चाकं थोडी घसरून तो मोकळा होतो, डांबरावर होत नाही.

म्हणूनच मी एक नाही, दोन टायर घेतले, आणि दोन्ही मागच्या अॅक्सलवर घातले. तिथून निघालेला धडका २०२१ चा टायर स्टेपनी झाला. खर्च दुप्पट झाला, एकेक साडेनऊ हजारांच्या घरात. पण एकाच अॅक्सलवर एक कोरा आणि एक झिजलेला टायर मला कायमचा नको होता.

दुकानदाराने दोन टायर काढले. दोन्हींवर कंपनीचं लेबल, दोन्ही कोरे. एकावर ०९२५, दुसऱ्यावर ३८२२. दुसरा म्हणजे सप्टेंबर २०२२ चा. दुकानदार म्हणाला, "सावलीत होता साहेब, काही झालेलं नाही." सावलीतला, न वापरलेला टायर उन्हातल्यापेक्षा कमी म्हातारा होतो, हे खरंच आहे. पण सहा वर्षांतली अडीच वर्षं गोदामात गेलेली मी पूर्ण पैशांत का घेऊ? मी शांतपणे तेवढंच म्हटलं. त्याने दुसऱ्या गोदामातून तासाभरात ११२५ चा आणून दिला. वाद नाही, आवाज चढवणं नाही. आकडे वाचता येतात हे समोरच्याला कळलं की पुरतं. पैसे देण्याआधी वाचा, रिमवर चढवल्यावर नाही, कारण हे चार आकडे बहुधा टायरच्या एकाच बाजूला असतात. ती बाजू आत गेली तर गाडीखाली झोपून टॉर्चने शोधावे लागतात. शेवटी फक्त तीन आकडे दिसले तर तो टायर २००० च्या आधीचा. जुन्या जिप्सी-जीप विकत घेणाऱ्यांनी स्टेपनीवर हे जरूर बघावं. आकड्यांसोबत लोड इंडेक्सही जुन्याशी जुळवून घ्या. माझ्यावर १०५ आहे, म्हणजे एका टायरला ९२५ किलो. नऊ वर्षांची स्टेपनी मी दुकानातच बाजूने कापायला लावली, कुणाच्या गाडीवर ती सेकंड हँड म्हणून चढू नये.

अशी गाडी गोव्यात नेणाऱ्यांना आणखी थोडं सांगायचं आहे. समुद्रकिनाऱ्यावर गाडी घालणं गुन्हा आहे, कितीही मोह झाला तरी घालू नका. कुळ्याहून दूधसागरला स्वतःची गाडी जात नाही, तिथल्या स्थानिक जीपनेच जावं लागतं. सत्तरीचा मोठा भाग म्हादई अभयारण्यात येतो, तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय रस्ता सोडू नका. कच्च्या वाटेवर चालवायची हौस असेल तर ओळखीच्या माणसाची बागायत शोधा, आणि आधी पायी चालून वाट बघा.

परतताना फोंड्यातच बॅलन्सिंग, अलाइनमेंट करून घेतलं आणि चोर्ल्यानेच चढलो. चाक काढून बसवलं की ५० ते १०० किलोमीटरवर नट पुन्हा तपासायचे असतात. जांबोटीला चहासाठी थांबलो तेव्हा पाना काढला. मागच्या डाव्या चाकाचे दोन नट पाव फेरा आणखी बसले.