पद्मिनी: घाट चढली, पंपाचं दुखणं अजून अर्धंच बरं

मंडळी, रविवारी आपली जुनी प्रीमियर पद्मिनी गाडी जुन्या हायवेने बोरघाट चढली, खोपोलीपासून न थांबता थेट शिंगरोबाच्या देवळापर्यंत. रिवाजाप्रमाणे नाणं टाकलं. ज्या धनगराने इंग्रजांना घाटाची वाट दाखवली, त्याला आपल्या कार्बोरेटरवाल्यांनी एक जादा टाकायला हरकत नाही.

मागच्या वेळी लिहिलं तेव्हा ती गायमुखला कंटेनरच्या रांगेत बंद पडली होती. तेच दुखणं. वाहत्या रस्त्यावर ठणठणीत. घोडबंदरला फर्स्ट-सेकंडमध्ये रांगायला लागली की झटके आणि ठप्प. गार झाली की काही झालंच नाही असा आव. (एरवी सिग्नलला 'काका, विकायची आहे का?' विचारणारे अशा वेळी फक्त हॉर्न वाजवतात.)

मिस्त्रींचं म्हणणं, कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देते ती) बदला. गरम कॉइलही अशीच दगा देते, त्यामुळे ते उडवून लावता येईना. म्हणून बंद पडल्या पडल्या प्लगची वायर काढून पाहिली: ठिणगी निळी, कडक. फिल्टरमध्ये मात्र पेट्रोलऐवजी बुडबुडे. व्हेपर लॉक! म्हणजे नळीतच पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडतो.

टाकी मागे, पंप इंजिनच्या अंगाला. ओढताना नळीतला दाब घटतो आणि कमी दाबाला पेट्रोल लवकर उकळतं. त्यात आताचं ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉलने बाष्पदाब वाढतो, शिवाय जुनं रबर खराब होतं ते वेगळंच. पंप खोलला तर डायफ्राम (पेट्रोल ओढणारा लवचिक पडदा) कडक झालेला. नवं किट ऑपेरा हाउसहून आणलं. दाराचं हँडल, काचेची मशीन यासाठी कुर्ल्याचा सीएसटी रोडचा जुन्या पार्ट्सचा बाजार झिंदाबाद, पण डायफ्राम जुन्या मालातला घेऊ नये असं माझं ठाम मत.

किटने थोडाच फरक पडला. खरा पडला तो पंप आणि ब्लॉकच्या मध्ये घातलेल्या हायलमच्या (उष्णता अडवणाऱ्या कडक शीटच्या) पॅकिंगने, पण तिथेच सगळी डोकेदुखी. पॅकिंग जाड केलं की उष्णता अडते, पण पंपाचा स्ट्रोक, म्हणजे दांड्याची हालचालही तेवढीच घटते. जाड लावलं तर पंप गार राहिला, गाडीने माजिवड्याच्या पुलावर दम टाकला. पातळ लावलं, पुन्हा बुडबुडे. वागळे इस्टेटमधला लेथवाला मला बघून हसायला लागला होता. शेवटी मधली जाडी जमली. नळी एक्झॉस्टपासून लांब वळवली, मध्ये ॲल्युमिनियमचा पत्रा घातला. काळी-पिवळीवाले पंपावर ओलं फडकं टाकून भागवायचे. त्यांची शेवटची पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरात निवृत्त झाली.

खोपोलीत रमाकांतकडे वडे खाईपर्यंत मुद्दाम गाडी उन्हात बंद ठेवली. बंद इंजिनात पाणी फिरत नाही, सगळी उष्णता पंपात चढते, म्हणजे खरी परीक्षा तीच. पहिल्या सेल्फला सुरू! वडा अचानक जास्तच चविष्ट लागला.

तरी परतीला कळंबोलीच्या जाममध्ये एक झटका आलाच. त्यामुळे टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप बसवायचं ठरवत होतो. कमी दाबाचाच हवा. इंजेक्शनच्या गाडीचा लावला तर कार्बोरेटरची सुई दाब धरणार नाही, पेट्रोल उतू जाईल. पण हे लिहिताना सुचतंय, आधी रिटर्न लाइनच का टाकू नये? कार्बोरेटरच्या अलीकडे टी (तीन तोंडांचा जोड), त्यात बारीक भोकाचा जेट, उरलेलं पेट्रोल बुडबुड्यांसकट परत टाकीत. पंप मूळचाच राहील. इलेक्ट्रिकचा बेत तूर्त रद्द.

टाकीला रिटर्नची नळी ब्रेझिंग करून देणारा ठाण्यात किंवा तुर्भ्याला कोणाच्या माहितीत आहे का? टाकी आधी नीट धुऊन, वाफ काढून घेणारा हवा. थेट गॅसची बत्ती पेटवून उभा राहणारा एक भेटलाय, त्याला नमस्कार करून आलो.