पद्मिनीच्या इंजिनावर चिसितालिया: प्रदर्शनांच्या हंगामानंतरची नोंद

मागच्या नोंदीत चेसिसच्या नळ्यांचे वेल्डिंग पूर्ण झाल्याचे कळवले होते. दरम्यान बॉडी चढली, रंग झाला, इंजिन आपल्या जागी बसले आणि हिवाळ्यात गाडी जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनांत उभीही राहिली. या नोंदीत थोडे काम आणि बरेचसे प्रदर्शनांतील अनुभव येतील, कारण अस्सल गाड्यांच्या मालकांमध्ये रेप्लिका घेऊन उभे राहायचे असेल तर त्याची तयारी गाडी बांधतानाच करावी लागते, असे माझे आता पक्के मत झाले आहे.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. ही प्रतिकृती तुरीनच्या चिसितालिया कंपनीच्या २०२ स्पायडरची आहे. इटलीतल्या मिल्ले मिलिया या लांब पल्ल्याच्या रस्त्यावरील शर्यतीत १९४७ साली प्रसिद्ध इटालियन शर्यतपटू ताझिओ नुव्होलारी वयाच्या ५४ व्या वर्षी अशाच उघड्या चिसितालियात बसला आणि ११०० सीसीच्या लहानशा इंजिनावर बराच काळ मोठ्या गाड्यांच्या पुढे राहिला. पावसाचे पाणी विजेच्या यंत्रणेत शिरल्याने त्याचा वेळ गेला आणि बिओन्देत्तीच्या आल्फा रोमिओमागे त्याला दुसऱ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. याच २०२ ची, पिनिन फारिना या इटालियन बॉडी कारागिराने घडवलेली कूपे, म्हणजे बंद छपराची गाडी, न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने १९५१ साली प्रदर्शनात मांडली आणि पुढे आपल्या संग्रहात घेतली.

कोब्रा किंवा स्पीडस्टर, म्हणजे ज्यांच्या रेप्लिका नेहमी होतात त्या गाड्या, सोडून हीच का, असे मला प्रत्येक ठिकाणी विचारतात. पिएरो दुसिओने चिसितालिया उभी केली तेव्हा इंजिन आणि बरेचसे यांत्रिक भाग त्याने फियाट ११०० चे घेतले होते. सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५ मिलिमीटर, एकूण १०८९ सीसी. आपल्या प्रीमियर पद्मिनीच्या इंजिनाचीही मापे हीच आहेत, कारण दोन्ही एकाच घराण्यातली. शिवाय ज्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात पद्मिनी बनवली, ती १९४४ साली स्थापन करणारे वालचंद हिराचंद सोलापूरचे. त्यांचा जन्म १८८२ साली याच गावात झाला. गावचा अभिमान म्हणा किंवा हट्ट म्हणा, पण सोलापुरात बसून एखादी इटालियन स्पोर्ट्स कार बांधायचीच असेल तर ती हीच, हे मी फार आधी ठरवून टाकले होते.

आता कामाकडे वळतो. सर्वांत अवघड प्रश्न इंजिनाच्या उंचीचा होता. २०२ चे सारे सौंदर्य तिच्या बॉनेटमध्ये आहे. ते दोन्ही बाजूंच्या मडगार्डांपेक्षा खाली आहे आणि त्या काळी ही गोष्ट नवी होती. मूळ गाडीत ड्राय संप होता, म्हणजे ऑइल वेगळ्या टाकीत राही आणि इंजिन खाली बसवता येई. पद्मिनीचा संप, म्हणजे इंजिनाच्या तळाचे ऑइलचे भांडे, खोल आहे. इंजिन आहे तसे बसवले असते तर बॉनेटवर उंचवटा काढावा लागला असता, आणि मग ती गाडी लांबूनही चिसितालिया दिसली नसती. अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एका वर्कशॉपमध्ये आम्ही संप कापून उथळ आणि रुंद केला, आतमध्ये ऑइल एका बाजूला पळू नये म्हणून आडव्या पट्ट्या बसवल्या आणि पंपाची जाळी त्याप्रमाणे खाली-वर केली. रेडिएटर खाली घेऊन पाण्याची टाकी वेगळी, फायरवॉलजवळ, म्हणजे इंजिन आणि बसण्याची जागा यांमधल्या पडद्याजवळ, नेली. कार्बोरेटरवरचा एअर फिल्टरचा गोल डबा काढून चपटा फिल्टर लावला. एवढे केल्यावर बॉनेट रेषेत बसले.

पुढच्या सस्पेन्शनमध्ये मात्र मी मूळ गाडीच्या मागे लागलो नाही. चिसितालियाला पुढे आडवी लीफ स्प्रिंग होती. पद्मिनीला दोन विशबोन आणि कॉइल स्प्रिंग आहेत. ते चांगले चालते, सुटे भाग अजून मिळतात आणि वाकून पाहणाऱ्या जाणकाराला ते पहिल्या नजरेत ओळखू येते, जे माझ्या दृष्टीने चांगलेच आहे.

बॉडी ॲल्युमिनियमची आहे. फायबरग्लासने काम लवकर झाले असते, परंतु साचा काढायला मूळ गाडी कुठून आणायची? छायाचित्रे आणि प्रसिद्ध झालेली मापे यांवरून प्लायवूडचे आडवे छेद कापून सांगाडा उभा केला आणि त्यावर पत्रा घडवला. हे काम ज्यांनी केले ते उस्ताद आयुष्यभर बस आणि ट्रकच्या बॉडीचे काम करत आलेले आहेत. ठोकता ठोकता ॲल्युमिनियम कडक होत जाते आणि पुन्हा मऊ करण्यासाठी ते तापवावे लागते. पण लोखंडासारखे ते आधी लाल होत नाही, रंग न बदलता एकाएकी वितळते. उस्तादांची पद्धत अशी की पत्र्यावर कपडे धुण्याच्या साबणाची वडी घासायची आणि खालून गॅसची ज्योत फिरवायची. साबण आधी पिवळट होतो, मग तपकिरी, मग काळपट. “साहेब, साबण करपला की गॅस बाजूला घ्यायचा. त्याच्या पुढं गेलात तर पत्रा हातात उरायचा नाही,” असे त्यांनी मला पहिल्याच दिवशी बजावले होते. मागच्या मडगार्डांवरचे दोन उभे पंख त्यांनी वाळूच्या पिशवीवर लाकडी मोगरीने घडवले. डाव्या आणि उजव्या पंखाच्या वळणात बारीकसा फरक आहे. तो मी ठेवला आहे. हाताने घडवलेल्या जुन्या इटालियन बॉडीतही दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या सापडणे कठीण असते, आणि उस्तादांच्या हाताची ती खूण मला घासून काढायची नव्हती.

कायद्याबद्दल वारंवार विचारणा होते, म्हणून एकदाच लिहितो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने नमूद केलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. माझी चेसिस नवीन आहे, बॉडी नवीन आहे. तेव्हा पद्मिनीच्या जुन्या कागदांवर ती रस्त्यावर आणणे हा सरळ गुन्हा झाला असता. व्हिंटेज वाहनांसाठी २०२१ साली जे नियम आले त्यांत पन्नास वर्षांहून जुने आणि मूळ स्वरूपात राखलेले वाहन अशी अट आहे, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला चालत नाही. त्यामुळे ‘व्हीए’ अक्षरांची ती नंबर प्लेट या गाडीच्या नशिबात नाही. ती खासगी आवारात चालते आणि प्रदर्शनाला ट्रकवर चढून जाते. एमएच १३ ची खोटी पाटी लावून मिरवणारी एखादी हौशी रेप्लिका पाहिली की आपल्या सगळ्यांचेच नाव खराब होते, हे येथे सांगून ठेवतो.

आता प्रदर्शनांविषयी. पुण्यातील एका प्रदर्शनात आयोजकांनी आम्हाला मैदानाच्या अगदी टोकाला, खाण्याच्या स्टॉलशेजारी जागा दिली. वडापावचा वास आणि जनरेटरचा आवाज सोडला तर माझी काहीच तक्रार नव्हती. गर्दी मात्र तिकडेच वळली. लाल रंग, उघडी गाडी, मागचे पंख. लोक मुलांना घेऊन फोटो काढायला रांग लावू लागले. त्याच वेळी रांगेच्या मध्यावर एक फियाट ११०० उभी होती, पहिल्या मालकाच्या कुटुंबात आजवर राहिलेली, कारखान्यातला रंग अंगावर असलेली, आणि तिच्यापाशी फारसे कोणी थांबत नव्हते. तिच्या मालकांच्या चेहऱ्यावरचा राग मला स्पष्ट दिसत होता आणि तो मला रास्त वाटला. रेप्लिकाविरुद्धच्या नाराजीचे खरे मूळ बहुतेक वेळा इथे असते. माणसाने तीस-चाळीस वर्षे एक गाडी मूळ स्क्रूंसह जपायची आणि शेजारी काल बांधलेली गाडी येऊन सारी गर्दी ओढून न्यायची, हे कोणाला आवडेल? यापुढे अस्सल फियाटच्या शेजारची जागा मिळाली तरी घ्यायची नाही, असे मी ठरवले आहे. टोकाचीच जागा आपली.

दुपारी तेच गृहस्थ स्वतः आले. काही वेळ हात मागे बांधून गाडीभोवती फिरले आणि म्हणाले, “ही चिसितालिया नाही.”

“नाही साहेब. पाटीवर पहिल्याच ओळीत तेच लिहिलंय.”

त्यांनी खिशातून चष्मा काढून पाटी वाचली. पाटीवर मोठ्या अक्षरांत ‘प्रतिकृती, सोलापूर’ असे आहे, त्याखाली इंजिन आणि गिअरबॉक्स पद्मिनीचे, चेसिस व बॉडी नवीन, आणि मूळ गाडीपेक्षा कोणत्या गोष्टी वेगळ्या आहेत त्यांची नोंद आहे. पुढच्या नाकावर चिसितालियाचा बिल्ला नाही. त्याची जागा मी कोरी सोडली आहे. बिल्ले विकत मिळतात, दोन मित्रांनी आणून देण्याची तयारीही दाखवली होती, पण बिल्ला लावला की पाटी खोटी ठरते. गृहस्थांनी मग बॉनेट उघडायला सांगितले. आत आपल्याच गाडीचे इंजिन पाहून त्यांचा आवाज बदलला. “संप कोणी केला?” येथपासून पुढे आमचे बोलणे वाढत गेले. बॉडी त्यांना शेवटपर्यंत पटली नाही, तसे त्यांनी तोंडावर सांगितलेही. इंजिनाचा इतिहास मात्र, फियाट ११०० पासून मिल्ले मिलियापर्यंत आणि कुर्ल्यापर्यंत, त्यांनीच जमलेल्या मुलांना उभ्या उभ्या समजावून सांगितला आणि तो माझ्यापेक्षा चांगला सांगितला.

अस्सल गाड्यांचे आग्रही मालक जे आक्षेप घेतात त्यांतले दोन मी पूर्णपणे मान्य करतो. पहिला असा की रेप्लिकासाठी चांगली गाडी कापू नये. परदेशात पोर्शे स्पीडस्टरच्या रेप्लिका फोक्सवॅगन बीटलची तळपाटी कापून करतात. बीटलचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर, २४०० मिलिमीटर, पोर्शेचा २१००, म्हणून मधून तीनशे मिलिमीटर काढून टाकायचे. तिकडे बीटल लाखांनी बनल्या. आपल्याकडे बीटल हीच दुर्मीळ, आणि तीच गोष्ट आता पद्मिनीची होऊ लागली आहे. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. मी वापरलेल्या गाडीचा तळ आणि दारांखालच्या पट्ट्या गंजून गळून पडल्या होत्या आणि ती भंगारातच जाणार होती. उभी राहू शकेल अशी पद्मिनी कोणी इंजिनासाठी तोडत असेल तर कृपया माझे उदाहरण देऊ नये.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आजचा मालक प्रामाणिक असेल, पण गाडी दोन-तीन हात फिरली की पाटी हरवते, बिल्ला येतो, जुना चेसिस नंबर कुठूनतरी उगवतो आणि रेप्लिकेची ‘हरवलेली मूळ गाडी’ होते. मोठ्या किमतीच्या गाड्यांच्या बाबतीत या भीतीला निश्चित आधार आहे. म्हणून मी चेसिसच्या मुख्य नळ्यांवर तीन ठिकाणी ‘प्रतिकृती सोलापूर’ आणि वर्ष असे ठोकून घेतले आहे. त्यांतील एक जागा अशी आहे की बॉडी पूर्ण उतरवल्याशिवाय ती घासून काढता येणार नाही.

तिसरा आक्षेप मात्र मला पटत नाही. रेप्लिका मैदानात येऊच नये, तिच्यामुळे प्रदर्शन बाटते, असे काही जण म्हणतात. जॅग्वारने १९६० च्या दशकातल्या लाइटवेट ई-टाइप या शर्यतीच्या गाडीचे न वापरलेले सहा चेसिस नंबर घेऊन २०१४ नंतर सहा नव्या गाड्या बांधल्या, आणि त्या कारखान्याच्या आहेत म्हणून त्यांच्याकडे आदराने पाहणारेही त्यांच्यातच आहेत. जुने नंबर अंगावर घेऊन आलेल्या नव्या गाड्या माझ्या मते बिल्ला नसलेल्या सोलापुरी गाडीपेक्षा इतिहासाचा अधिक गोंधळ करतात. गुणांच्या स्पर्धेत रेप्लिकेला घेऊ नका, हे अगदी बरोबर आहे. मूळ काय आणि बदललेले काय हे मोजणाऱ्या जजने माझ्या गाडीत काय मोजायचे? मी अर्जातच ‘स्पर्धेबाहेर’ असे लिहितो. त्यामुळे जज मंडळीही मोकळेपणाने येऊन बोलतात, आणि त्यांपैकी एकाने दारांच्या फटींबद्दल जे सुनावले ते ऐकून आम्ही परत आल्यावर दोन्ही दारे उतरवली.

पुढचे काम उन्हाळ्याच्या आधी संपवायचे आहे. सोलापूरचा एप्रिल म्हणजे चाळीस-बेचाळीस अंश, आणि बुटक्या बॉनेटखाली हवा खेळत नसल्याने गाडी तापल्यावर पेट्रोल नळीतच उकळून इंजिन बंद पडते. पेट्रोलची नळी एक्झॉस्टच्या बाजूने गेलेली आहे, ती चेसिसच्या दुसऱ्या अंगाने नेण्याचे काम सुरू आहे आणि मध्ये ॲल्युमिनियमचा आडपडदा बसेल. पद्मिनीची चौदा इंची पोलादी रिम खटकते, हे मलाही दिसते. तारांची चाके बसवायची तर हब बदलावे लागतील आणि ब्रेकच्या ड्रमला पुरेशी जागा राहील का, हे आधी तपासायचे आहे. पुढच्या हंगामासाठी एका आयोजकांनी रेप्लिकांची वेगळी, बिनगुणांची रांग ठेवायचे ठरवले असून अर्जासोबत चेसिसवरील शिक्क्यांचे फोटो मागितले आहेत. फोटो पाठवले आहेत. ज्यांना त्या रांगेत यायचे आहे त्यांनी आपल्या चेसिसवर शिक्का मारून घ्यावा, आणि तो रंगाच्या आधी मारावा.